मोडायच्या लग्नाचा दाखला

"नवरदेव, तुम्ही इकडं बसा," असं म्हणून लग्ननोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनानं खुर्ची दाखवली ती नवनाथला. नवनाथ हा साक्षीदार. नवरदेव म्हणजे रणजीत, तो शेजारीच उभा होता, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, तोंडात बडीशेप घोळवत. पण कारकुनाचा तरी काय दोष? त्याच्या हातात लग्नाचा फोटो होता, आणि त्या फोटोत विजयश्री मान खाली घालून ज्याच्या गळ्यात हार घालत होती तो माणूस नवनाथच होता. तेच पसरट नाक, भुवईवरची तीच खोक, फेटा आणि मुंडावळ्या तेवढ्या जास्तीच्या. कारकुनानं फोटो बघितला, माणूस बघितला, जुळवलं. ऑफिसातल्या माणसानं मन लावून काम केलं की त्याचं असं होतं. मग रणजीत हसला. आधी नाकातनं, मग घशातनं, मग सगळ्या पोटातनं. लाकडी फळीवर थाप मारून म्हणाला, "बघ नवन्या! हापिसानं बी तुलाच पास केला!"

राग विजयश्रीला नेहमी कानातनं चढायचा. आधी पाळ्या तापायच्या, मग मानेमागं कुणीतरी गरम तवा धरल्यासारखं व्हायचं. ह्या आवाजाला लोक हसणं म्हणतात हे तिला माहीत होतं, पण तिच्या कानाला तो बोअरिंगच्या गाडीसारखा लागायचा. एकदा दारात सुरू झाली की खडक फुटेपर्यंत थांबायची नाही, आणि धुरळा अख्ख्या आळीच्या तोंडावर. आजूबाजूला सगळी कोवळी जोडपी बसलेली. हिंजवडीतली पोरं-पोरी, गळ्यात कंपनीच्या पट्ट्या, पोरींच्या हातावर अजून मेंदीचा तपकिरी डाग. व्हिसाला दाखला पाहिजे म्हणून अर्धी सुट्टी टाकून आलेली. त्यातली एक पोरगी विजयश्रीकडं बघून गोड हसली, म्हणजे काय छान, ह्या वयात सुद्धा! विजयश्रीला तिच्या कानात ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई गं, तू जोडायला आलीयस, मी मोडायला आलीय, आणि रांग एकच आहे.

कारण तसंच होतं. चिंचवड स्टेशनजवळ तेजस्विनी नावाची वकीलबाई बसते, तिनं शांतपणे सांगितलं होतं, "ताई, संमतीनं सोडायचं ना? मग लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणा. जोडलेलं कागदावर असलं की सोडवायला सोपं जातं." विजयश्री तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. हीसुद्धा चेष्टा करतीय का? रणजीतबरोबर राहून तिचं असं झालं होतं की खऱ्याची चव गेली होती. लाईटबिल आलं तरी ती उलटसुलट करून बघायची. बँकेचा मेसेज आला तर बँकेत जाऊन विचारायची. एकदा डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं तर ती त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याकडं बघत बसली, आता फुटेल, आता फुटेल हसू म्हणून. आणि ज्यानं हे करून ठेवलं तो रहाटणीत सगळ्यांचा लाडका. रणजीतशेठ आले की टपरीवर बाकडं सरकतं, मयताला गेले तर तिरडी बांधणारे गालातल्या गालात हसतात. "वहिनी, तुमची तर रोजच करमणूक," असं लोक तिला म्हणायचे. रोजच. ह्या शब्दाला तिला चावावंसं वाटायचं.

सोडायचं म्हणून तिनं सांगितलं तेव्हा तो जेवत होता. भाकरीचा घास तोडून म्हणाला, "घेऊ की. पन डायव्होर्सला ब्यांड कोनता लावायचा ते तू ठरीव." दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, सही करणार ना? "करनार म्हंजी! दोन करतो, एक तुज्या आवडीची." त्याला ते खरं वाटलं होतं की नाही हे तिला आजपर्यंत कळलं नव्हतं, आणि हाच तर तिचा सगळा तंटा होता. आज सकाळी तो पिकनिकला निघाल्यासारखा गाडी घेऊन निघाला. वाटेत थोरल्या बहिणीला, इंदुताईला घेतलं, नवनाथला घेतलं, कानानं अधू झालेल्या दत्तोबामामांना घेतलं, काळेवाडीत वडापाव खाल्ले. साक्षीदार तीन लागतात, आणि लग्नाला हजर असलेले लागतात. त्यांना त्यानं सांगून ठेवलं होतं की आमी सिंगापूरला चाललोय, हनिमून ऱ्हायलाय. "सिंगापूरला गारठा असतो का गं?" इंदुताई गाडीत विचारत होत्या. विजयश्री काचेबाहेर बघत होती. नणंदेला खरं सांगायचं तर तोंड उघडायला लागतं, आणि तोंड उघडलं तर काय काय बाहेर पडेल ह्याचा तिला भरवसा नव्हता.

"दुसरा फोटो नाही का?" कारकून विचारत होता. नव्हता. अल्बम माळ्यावर होता, वरची पाण्याची टाकी पाझरली आणि सगळी पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली. हा एकच वाचला, कारण हा फ्रेम करून हॉलमध्ये टांगलेला होता. कुणी टांगला? सांगायला नकोच. घरी आलेल्या प्रत्येक माणसाला पाणी मिळायच्या आधी ह्या फोटोची गोष्ट मिळायची. आत्ताही त्यानं रांगेकडं तोंड केलंच. "आवो, काय झालं माहितीये का..." आणि रांग पुढं सरकली, ऐकायला. विजयश्रीला ती गोष्ट तिच्या श्वासांसकट पाठ होती. तो कुठं थांबणार, कुठं आवाज बारीक करणार, कुठं भटजींची नक्कल करणार. पण त्या गोष्टीत ती स्वतः कुठंच नव्हती. हार धरलेले दोन हात होते फक्त.

चाकणच्या पलीकडं, आता जिथं गाड्यांच्या पार्टांची गोडाऊनं आहेत तिथं, तिच्या माहेरच्या गावात मांडव पडला होता. अंतरपाट धरलेला. त्या कापडावर कुंकवाचं स्वस्तिक थोडं तिरकं झालेलं, आणि ती त्या तिरक्या रेघेकडं बघत उभी होती, कारण दुसरीकडं बघायची तिला भीती वाटत होती. नवऱ्याला तिनं एकदाच बघितलं होतं, दाखवायच्या कार्यक्रमात, तेही बशीतल्या पोह्यांच्या वाफेतनं. शेवटचं मंगलाष्टक संपलं, वाजंत्री फुटली, अंतरपाट बाजूला झाला, तिनं नजर वर न करता हात उचलले आणि समोरच्या गळ्यात हार घातला. मग वर बघितलं. पसरट नाक, खोक पडलेली भुवई. परका माणूस. आणि सगळा मांडव हसला. मंडपाच्या खांबामागनं रणजीत बाहेर आला, गुडघे धरून हसत, मित्राच्या गळ्यातला हार काढून त्यानं स्वतःच्या गळ्यात अडकवला. झालं लग्न. तिचे बाबासुद्धा हसले. मुलीकडचे, काय करणार. हात जोडून हसले. पण ह्या सगळ्याच्या आतली एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. वर बघितल्यावर आणि मांडव हसायच्या आधी एक क्षण गेला होता, पापणी लवेपर्यंतचा, आणि त्या क्षणात तिनं तो परका माणूस मान्य केला होता. बरं, हा असेल, असं म्हणून टाकलं होतं मनात. पुढचं सगळं आयुष्य त्याच्याबरोबर काढायची तयारी केली होती. त्या तयारीवर हसले सगळे. नवनाथ बिचारा त्या दिवसापासून तिच्याकडं नीट बघत नव्हता, आणि तीही त्याला चहा द्यायची तर कप टेबलावर ठेवून सरकवायची.

रांग हसली. गोष्ट संपली. मेंदीवाली पोरगी म्हणाली, "हाऊ स्वीट." नवनाथ खुर्चीवरनं उठून भिंतीला टेकला होता, घाम पुसत. "बास की आता, रणजीत," तो पुटपुटला, "प्रत्येक वेळी काय तेच तेच." कारकुनालाही हसू आवरत नव्हतं, तरी तो म्हणाला, "साहेब, गोष्ट झक्कास आहे, पण फोटोत तुम्ही नाही. पत्रिका आहे, भटजी वारल्याचं प्रतिज्ञापत्र आहे, साक्षीदार आहेत. आत मॅडमना विचारून बघतो. त्यांना पटलं तर होईल." आणि फाईल घेऊन आत गेला.

बाकावर बसल्यावर विजयश्रीनं पदराचं टोक बोटावर गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं. चाकणच्या कंपनीत ती रबरी सील तपासायची. दिवसभर सीलच्या कडेवरनं बोट फिरवायचं, फाजील रबर लागला की लाल क्रेटमध्ये टाकायचं. तिथं कुणी चेष्टा करत नव्हतं. वस्तू बरी असायची नाहीतर नापास. किती सोपं. एका वाढदिवसाला तिथंच फोन आला होता, बदललेल्या आवाजात, दवाखान्यातनं बोलतोय, तुमच्या वडिलांना आणलंय, ताबडतोब या. ती ॲप्रनवर पळाली. रिक्षात ती ग्रामदैवताला काय काय बोलली हे तिचं तिला ठाऊक. दवाखान्याच्या दारात रणजीत आणि बाबा उभे, दोघांच्या हातात उसाच्या रसाचे ग्लास, तिसरा तिच्यासाठी. हॅपी बर्थडे. बाबांना बिचाऱ्यांना वाटलं होतं जावई पोरीचं किती कौतुक करतो. तिनं तो रस प्यायला. फेसासकट प्यायला. म्हणून मग, त्यानंतर पुढच्या श्रावणात, सुपरवायझरच्या केबिनमध्ये पुन्हा फोन आला आणि रणजीत म्हणाला, "विजे, बाबांचं काय खरं न्हाई, दवाखान्यात हाय, नीघ," तेव्हा ती म्हणाली, "मला रस नको," आणि फोन ठेवून सील तपासायला गेली. फोन परत आला, तिनं घेतला नाही. परत आला, सुपरवायझरला म्हणाली, घरचे चेष्टा करतायत. शेवटी रणजीत स्वतः गेटवर येऊन उभा राहिला, तर वॉचमनला तिनं निरोप धाडला, ग्लास तूच पी म्हणावं. दवाखाना कंपनीपासनं हाकेवर होता. बाबा तिथं दुपारभर दाराकडं बघत होते म्हणे, विजू आली का, विजू आली का. ती गेली तेव्हा तोंडावर चादर होती.

हेही तिनं गिळलं असतं. माणूस चुकतो, चेष्टा वाया जाते, तिच्यात तेवढी जागा होती. पण वर्ष फिरलं, इंदुताईच्या नातवाचं बारसं होतं, ती घुगऱ्या वाढत होती, आणि पुरुषांच्या पंगतीतनं रणजीतचा आवाज आला. बाईचा आवाज काढून म्हणत होता, "मला रस नको!" पंगत लोळत होती हसून. "सासरा तिकडं चाललाय वरती, आन ही म्हन्ती, ग्लास तूच पी!" इंदुताईसुद्धा डोळे पुसत होत्या, हसून हसून. विजयश्रीनं घुगऱ्यांचं पातेलं खाली ठेवलं, झाकण लावलं, आणि त्या झाकणाच्या आवाजाबरोबर तिचं आतलं काहीतरी लागून गेलं. कडी घातल्यासारखं. तेव्हापासून तिला हा दाखला पाहिजे होता. पोटगी नको, रहाटणीच्या घरातलं भांडं नको. फक्त अशी एक जागा पाहिजे जिथं फोन वाजला तर तो खरा असेल.

"या आत," कारकून म्हणाला.

मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, टेबलावर अर्धा खाल्लेला पेरू. पत्रिका बघितली, साक्षीदारांची आधार कार्डं बघितली, फोटो उलटा करून बाजूला ठेवला. "फोटोचं असू दे, बाकी कागद ठीक आहेत. दोघांना एकदा समोर विचारते आणि सही करते." विजयश्रीच्या मानेमागचा तवा जरा निवला. होतंय. मॅडमनी पेन उघडलं. "ह्या तुमच्या पत्नी?"

रणजीतनं तिच्याकडं पायापासून डोक्यापर्यंत निवांत बघितलं. इंदुताईंनी पदर तोंडाला लावला, त्यांना कळलंच काय येतंय ते. "कोन, ह्या?" तो म्हणाला. "न्हाई बा. ह्यांला तर मी आत्ताच जिन्यात पाह्यलं."

इंदुताई फस्सकन हसल्या. "काय म्हनला? काय म्हनला?" दत्तोबामामा विचारायला लागले. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "हे नोंदीसाठी विचारतात," त्या म्हणाल्या. "गंमत असेल तर बाहेर करून या. बाई, तुम्ही सांगा. हे तुमचे पती?"

एक हो. एवढंच पाहिजे होतं. एक हो म्हटलं की कागद, कागद घेतला की वकील, आणि मग मोकळं. तिला ते सगळं ओळीनं दिसत होतं, स्टेशनवरल्या पाटीसारखं. पण तिनं त्याच्याकडं बघितलं. ओठांचा कोपरा फुटायच्या बेतात, डोळ्यांत ती ओलसर चमक, वाट बघतोय, आता ही चिडेल, आता ही 'अहो, काय हे!' म्हणेल. आणि तिला दिसलं की मांडवातनं बाहेर आल्यापासून ती त्याच्या प्रत्येक गोष्टीत आपलं काम चोख करत आलीय. हार धरायचं.

"नाही," ती म्हणाली. "मी ह्यांना ओळखत नाही."

नवल म्हणजे तिचे कान थंड होते. मॅडमनी फाईल मिटली आणि पुढं सरकवली. "मग नोंद होत नाही. न्या परत." रणजीत खदखदला, "घ्या! ही बी शिकली माज्या हाताखाली!" आणि टाळीसाठी हात पुढं केला. विजयश्रीनं फाईल उचलली, पर्स खांद्याला लावली, खुर्ची मागं सरकवली. हात तसाच हवेत राहिला. "ए विजे. अगं चेष्टा केली मी."

"मी नाही केली."

जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि पाय खाली जावा, तसं त्याचं तोंड झालं. तो नवनाथकडं बघायला लागला, नवनाथ खिडकीकडं बघायला लागला. "मॅडम, तुमी लिवा. बायकू हाय माझी."

"त्या नाही म्हणतायत. फोटोत तुम्ही नाही. मी काय बघून लिहू?"

"काय बघून म्हंजी?" रणजीतचा आवाज चिरकला. "आवो, मी वळखतो तिला! थंडीत बी एक पाय गोधडीच्या बाहेर ठेवून झोपती. तिला एखादी गोष्ट पायजेल आसली की 'ऱ्हाऊ दे' म्हन्ती. बघा तुमी, कायतरी द्या तिला. पर्शीत गुळाचा खडा हाय तिच्या, चक्कर येती म्हनून, कंपनीत कुनाला सांगत न्हाई. भाजी खारट झाली की सोता जास्ती घेती, दुसऱ्याला कमी यावं म्हनून. चिडली की कान लाल व्हत्यात, बोलत न्हाई, घासलेली भांडी परत घासती..." तो थांबेना. बोटांवर मोजत, टेबलाला पोट टेकवून बोलत होता, आणि त्याच्या आवाजात कुठंच नक्कल नव्हती. असा आवाज तिनं घरात कधी ऐकला नव्हता. "तिचा बाप गेला ना मॅडम, त्या सांजंला ती न्हानीत कंपनीचा ड्रेस धूत व्हती. दार पुरतं लागत न्हाई आमचं. मी भाईर हुबा व्हतो. तिनं त्या ड्रेसाची वली बाही तोंडात कोंबली व्हती. आवाज यू नये म्हनून. चावत व्हती बाही. मी बघितलं. लई येळ बघितलं. आत जायाला धीर झाला न्हाई माजा."

मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. विजयश्रीच्या हातातली फाईल एकदम जड झाली. ती समजत होती, ह्या माणसाला डोळे नाहीत. आंधळ्यावर किती रागवायचं, असं म्हणून कितीतरी रात्री तिनं स्वतःला थोपटलं होतं. म्हणजे डोळे होते. म्हणजे बाही दिसली होती, गूळ दिसला होता, कान दिसले होते. दाराबाहेर उभं राहून सगळं नीट बघून घेतलं होतं, आणि ते बघितल्यावर, ते सगळं पोटात असताना, बारशाच्या पंगतीत हा बाईचा आवाज काढून म्हणाला होता, मला रस नको. राग परत आला. पण कानातनं नाही. पायांखालनं आला, गार, पुराच्या पाण्यासारखा, आवाज न करता.

"बाई," मॅडम हळूच म्हणाल्या, "ओळखता ना ह्यांना?"

"हो," ती म्हणाली. "आता ओळखते."

तिनं सही केली. त्यानं केली, नाव रेषेच्या खाली घसरलं. इंदुताईंनी, नवनाथनं केली, दत्तोबामामांचा अंगठा धरून उठवला. प्रिंट निघाली, शिक्का बसला, कारकुनानं ह्या वेळी बरोबर माणसाला, रणजीतला, हात मिळवून अभिनंदन म्हटलं. "पेढे कुठायत, शेठ?" विजयश्रीनं दाखल्यावर फुंकर घालून शिक्का वाळवला आणि विचारलं, "ह्याची अजून एक शिक्क्याची प्रत मिळेल? कोर्टात द्यायची आहे."

"कोर्टात?" इंदुताई म्हणाल्या. "कोर्टात कशाला गं, विजे?"

"वन्सं, ते तुमच्या भावाला विचारा," ती म्हणाली, आणि प्रत घेऊन जिन्याकडं वळली. मागं इंदुताई त्याला विचारत होत्या, काय रे, कसलं कोर्ट? ती पहिल्या वळणावर पोचली तेव्हा रणजीतचा आवाज आला, बारीक, सरळ, घासून पुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. "ताई, ही मला सोडून चाललीय."

आणि इंदुताई हसल्या. "गप रे मेल्या!" नवनाथ हसला, कारकून हसला, रांगेतली ती पोरंसुद्धा हसली, मामांनी विचारलं, काय म्हनला, आणि कुणीतरी त्यांच्या कानात ओरडून सांगितल्यावर मामाही हसले, खोकला लागेपर्यंत. "खरं सांगतोय, ताई," तो म्हणत होता, "आईशप्पत, खरंच," आणि तो जितकं म्हणत होता तितका वरचा मजला गदगदत होता. विजयश्री कठड्याला धरून उतरत राहिली. खाली रस्त्यावर आल्यावर तिनं हात करून रिक्षा थांबवली आणि स्टेशनच्या अलीकडं, वकिलांच्या ऑफिसपाशी सोडायला सांगितलं.